दीड तासाचा क्लास आणि सतरा मिनिटांचा खेळ

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. पोराला क्रिकेटच्या क्लासला घालून चार महिने झाले होते, आठवड्यातून तीन दिवस, साडेचार ते सहा, वर्षाची फी एकदम भरलेली, पांढरे कपडे, आणि किटबॅग एवढी मोठी की ती बॅगच पोराला घेऊन चाललीय असं वाटावं. पोरगं नऊ वर्षांचं, चौथीत. मी त्याला सोडायचे आणि तिथंच बाहेर गाडीवर बसून राहायचे. एक दिवस रील्स बघून बघून डोळे दुखायला लागले म्हणून उगीच मोबाईलमधलं स्टॉपवॉच काढलं. पोरगं पळायला लागलं की चालू, थांबलं की बंद. आधी मैदानाला दोन चक्कर, मग थोडं हातपाय हलवणं, मग नेटसमोर रांग. रांगेतून नंबर लागला, सहा बॉल खेळला, मग फील्डिंगला लांब बाउंड्रीवर उभा केला, आणि तिथं माझा बाळ खाली वाकून वाळलेलं गवत उपटून त्याचा छान ढीग करत बसला. सहा वाजता स्टॉपवॉच बघितलं तर सतरा मिनिटं आणि वर काही सेकंद. दीड तासातली सतरा मिनिटं!

क्लासवाल्यांना नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाहीये. दोन नेट आणि तीस पोरं असली की रांग लागणारच, आणि ते क्रिकेट शिकवतात, ते त्यांनी नीटच शिकवलं, पोराचा स्ट्रेट ड्राइव्ह आता बघण्यासारखा आहे. चूक माझी होती. क्लास लावला म्हणजे व्यायामाचं खातं भरलं असं मी धरून चालले होते, त्यामुळे उरलेल्या वेळात ट्यूशन, मग होमवर्क, मग टीव्ही, हे सगळं मला चालत होतं.

नंतर वाचायला लागल्यावर कळलं की यात मी एकटी नाही. इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं छोटं यंत्र बांधून एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये तो छापून आला. ज्या मुलांची हालचाल खरंच कमी पडत होती त्यांच्या आईवडिलांना विचारलं तर त्यातल्या ८० टक्के लोकांना वाटत होतं की आमचं मूल भरपूर हलतं-खेळतं. म्हणजे आळशी, बेफिकीर आईबाप असा हा प्रकार नाही, आपल्याला दिसतंच चुकीचं.

का दिसतं चुकीचं? मला विचाराल तर पहिलं कारण म्हणजे चुळबूळ. पोरगं सोफ्यावरून उडी मारतं, जेवताना तीनदा उठतं, आजीच्या पाठीवर लटकतं, आपण म्हणतो अंगात नुसते किडे आहेत याच्या, एक मिनिट शांत बसत नाही. पण ही उडी पाच सेकंदांची असते आणि त्यानंतर पंचवीस मिनिटं तोच पठ्ठ्या त्याच सोफ्यावर मोबाईल घेऊन उताणा पडलेला असतो. ती पंचवीस मिनिटं आपल्याला दिसत नाहीत कारण तेव्हा तो त्रास देत नसतो, आपण आपली कामं उरकत असतो. दुसरं कारण, बारीक मूल. बारीक आहे म्हणजे तब्येत चांगली, व्यायाम काय तो जाड्या पोरांनी करायचा, हे आपल्याकडे अगदी पक्कं बसलंय. वजनाचा आणि दमाचा संबंध आहे पण तो तेवढाच नाही, काडीसारखं पोरगं दोन जिने चढून धापा टाकताना मी माझ्याच घरात बघितलंय. आणि तिसरं, आपलं स्वतःचं लहानपण. आम्ही सोलापुरातल्या जुन्या बाळीवेसेत वाढलो, शाळा सुटली की दप्तर फेकून जे बाहेर ते दिवेलागणीलाच घरात, त्यामुळे मुलं म्हटली की ती खेळतातच असं डोक्यात आपोआप गृहीत धरलेलं असतं. आता आम्ही जुळे सोलापुरात, शहराच्या नव्या भागात राहतो. इथं मूल आपोआप कुठंच जात नाही, सगळीकडे त्याला कुणीतरी गाडीवरून सोडावं लागतं.

आता किती हालचाल पाहिजे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जे सांगितलंय ते असं की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी. सरासरी हा शब्द महत्त्वाचा, एखाद्या दिवशी पेपर आहे, ताप आहे, पाहुणे आहेत, तर सोडून द्या, रविवारी भरून निघतं. आणि साठ मिनिटं सलग पाहिजेत असंही नाही, दहा इकडं पंधरा तिकडं असं जमलं तरी चालतं.

मध्यम म्हणजे काय आणि जोरकस म्हणजे काय, याला यंत्र लागत नाही, श्वास पुरतो. पोराला पळता पळता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, तर ती मध्यम. दोन-चार शब्द बोलून दम खायला थांबावं लागतंय, तर जोरकस. आरामात गाणं म्हणत चाललाय, तर ती हलकी, ती पण चांगलीच पण या साठ मिनिटांत धरायची नाही. मी आमच्याकडे सतराच्या पाढ्यावर ही टेस्ट घेते. एका दमात एकशेसत्तरपर्यंत गेला म्हणजे अजून जोर लावायला जागा आहे. (पाढा पाठ असायला हवा ही वेगळी अडचण.)

तीन-चार वर्षांच्या पिल्लांचं गणित वेगळं आहे, त्यांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल आणि त्यातली ६० दम लागणारी. ती पोरं बहुतेक वेळा स्वतःच करतात ते, आपण त्यांना गाडीत, खुर्चीत, कडेवर अडकवून ठेवलं नाही म्हणजे झालं.

साठ मिनिटांच्या हिशोबात आणखी एक गोष्ट असते जी बहुतेक आईवडिलांच्या गावीही नसते. आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारं काहीतरी झालं पाहिजे. जिम नव्हे. लटकणं, चढणं, ओढणं, उचलणं, उड्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी पोरांनी दोन-दोन बादल्या गच्चीवरच्या पिंपात नेऊन ओतायच्या असा नियमच केलाय, तो व्यायाम यात बसतो. आणि सोलापूरकराला हे समजवायला खरं तर गड्ड्याच्या जत्रेसारखं उदाहरण नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, ती उंच जड काठी कमरेच्या पट्ट्यात पेलून माणूस चालतो, ते काय एका दिवसात येत नाही, आधी किती दिवस सराव चालतो. माझा भाऊ लहान असताना हे बघून घरातल्या बांबूला चिंध्या-फुगे बांधून कमरेला टॉवेल गुंडाळून गल्लीभर मिरवायचा, ओरडा खायचा, परत मिरवायचा. त्याला कुणी स्ट्रेंथ ट्रेनिंग म्हटलं नाही पण होतं ते तेच.

हाडांचं थोडं सविस्तर सांगते कारण मला स्वतःला हे माहीत नव्हतं आणि कळल्यावर पोटात गोळा आला. हाड म्हणजे खांबासारखी मेलेली वस्तू नाही, त्याच्या आत जिवंत पेशी असतात, आणि उडी मारून पाय जमिनीवर आदळला की हाडाला जो किंचितसा ताण बसतो तो या पेशींना कळतो, मग त्या ठिकाणी जास्त कॅल्शियम बसवलं जातं. म्हणजे नुसतं दूध पाजून भागत नाही, हाडाला कामाला लावावं लागतं. पोहणं आणि सायकल हृदयाला एक नंबर, पण त्यात आदळणं नाही म्हणून हाडांना त्याचा फायदा कमी. दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो, फुगडी, झिम्मा, यात तो आहे. आता यातली मुख्य गोष्ट ऐका. मोठेपणी आपल्या हाडांत जेवढा साठा असतो त्याच्या साधारण पाव हिस्सा फक्त दोन वर्षांत जमा होतो, मुलींमध्ये बारा-साडेबाराच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाच्या आसपास. हाडांची एफडी म्हणा हवं तर, आणि भरायची मुदत ठरलेली.

आणि आपण मुलींना बरोब्बर याच वयात घरात बसवतो.

माझी मोठी तेरा वर्षांची आहे. पाचवीपर्यंत ती बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांची म्होरकी होती, लगोरी फोडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. सहावी-सातवीत कधी बंद झालं ते मला नेमकं सांगताही येत नाही. कुणी तिला खेळू नको असं म्हटलं नाही. फक्त सासूबाई एकदा म्हणाल्या, आता मोठी झालीस, आणि खालच्या वॉचमनच्या खुर्चीपाशी दोन-चार पोरं उभी राहायला लागली, आणि ट्यूशनची वेळ बदलून संध्याकाळी सहाची झाली, आणि पाळी सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांत डाग पडायच्या भीतीनं ती पीटीच्या तासाला पण वर्गातच बसायला लागली. एकेक गोष्ट बारीक होती. १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींचे २०१६ पर्यंतचे आकडे एकत्र करून जो हिशोब काढलाय त्यात ८१ टक्क्यांची हालचाल पुरेशी भरत नाही, मुलांत ७८ आणि मुलींत ८५. हा सात टक्क्यांचा फरक कुठून येतो ते मला आकड्यांपेक्षा आमच्या जिन्यात जास्त कळलं.

तिच्यासाठी काय उपयोगी पडलं ते अगदीच साधं आहे. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, गडद रंगाची ट्रॅकपँट, आणि दप्तरात एक जास्तीचं पॅड. खेळाबद्दल मी तिला जी चार भाषणं दिली त्यातल्या एकाचाही उपयोग झाला नाही, या तीन वस्तूंचा झाला. मग शाळेतल्या दोन मैत्रिणी खो-खोला जायच्या त्यांच्यामागे ती पण गेली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या बायकांची टीम आणि पुरुषांची टीम दोन्ही जिंकल्या आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, तेव्हापासून घरात खो-खोला जरा मान पण आलाय. सासूबाईंनी फायनल पूर्ण बघितली. त्या स्वतः कधीकाळी शाळेच्या टीममध्ये होत्या हे तेव्हा कळलं, तोपर्यंत कधी बोलल्या नव्हत्या!

आता अभ्यासाचं. खेळून दमला की पुस्तक घेऊन पेंगतो, हे सगळ्या घरात ऐकू येणारं वाक्य. दमून पेंगतो हे खरं, पण ते बहुतेक उशिरा झोपल्यामुळे असतं, शाळेच्या वयाच्या मुलाला रात्री नऊ ते अकरा तास झोप लागते आणि आपली पोरं किती वाजता झोपतात ते आपल्याला माहीत आहे. इलिनॉय विद्यापीठात २००९ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या वीस मुलांवर एक छोटा प्रयोग झाला होता. एकदा नुसतं बसवून आणि एकदा वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालवून, नंतर लक्ष लागण्याच्या आणि वाचनाच्या टेस्ट घेतल्या. चालल्यानंतर मुलांनी त्या टेस्ट जास्त चांगल्या सोडवल्या. वीसच मुलं, त्यामुळे यावरून मोठमोठे दावे करू नका, पण खेळात गेलेला तास अभ्यासातून वजा होतो हा जो आपला हिशोब आहे तो तरी काही बरोबर नाही.

डोळ्यांची गोष्ट तर आणखी मजेशीर. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी बघितलं तर बाहेर काढलेल्या मुलांत ३० टक्क्यांना लांबचं धूसर दिसायचा नंबर लागला होता आणि बाकीच्या शाळांत जवळजवळ ४० टक्क्यांना. यात व्यायामापेक्षा काम उजेडाचं आहे असं मानतात, बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो आणि त्यानं डोळ्याच्या आतल्या पडद्यात एक रसायन सुटतं, ते डोळ्याचा गोळा लांबट होऊ देत नाही. म्हणजे झाडाखाली नुसतं बसलं तरी फायदा. सोलापुरात उजेडाला काय तोटा, आपल्याकडे उलटा प्रॉब्लेम आहे, एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर आणि पोरांना घाम मोठ्यांपेक्षा कमी सुटत असल्यामुळे त्यांचं अंग लवकर तापतं. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर, मधे तहान लागायची वाट न बघता पाणी, घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक. दुपारी चारला लागणारे समर कॅम्प मी बघते तेव्हा मला त्या सरांना धरून डांबरावर अनवाणी उभं करावंसं वाटतं.

मग आईवडिलांनी करायचं काय? इथं माझा एक गैरसमज होता की आपण स्वतः व्यायाम केला की पोरं बघून शिकतात. आमचे हे रोज पहाटे संभाजी तलावाला चक्कर मारून येतात, आठ वर्षं झाली, पोरं तेव्हा ढाराढूर झोपलेली असतात आणि बाबा चालायला जातात याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झालेला नाही. बऱ्याच अभ्यासांत पण असंच निघालंय, आईवडिलांना बघून शिकण्याचा परिणाम आहे पण थोडका, त्याच्यापेक्षा जास्त परिणाम हातभाराचा. म्हणजे सोडणं-आणणं, सोबत उतरणं, वेळ रिकामा ठेवणं, बूट फाटला तर लगेच घेऊन देणं, आणि खेळून आल्यावर कपड्याच्या चिखलावरून न बोलणं. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

बक्षीस मात्र जपून. दहा चक्कर मार मग मोबाईल देते, हे मी दोन महिने केलं. १९७३ मध्ये बालवाडीच्या मुलांवर झालेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगतात. ज्यांना चित्रं काढायला मुळात आवडत होतं अशा मुलांना सांगितलं, चित्र काढलंस तर सर्टिफिकेट देऊ. काही दिवसांनी बक्षिसाविना रंग समोर ठेवले तर ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्र काढत बसली. आमच्याकडे तेच झालं, पोरगं अकरावी चक्कर मारेना, आणि मोबाईल ही जगातली सर्वात भारी गोष्ट आहे आणि पळणं ही त्यासाठी भरायची किंमत आहे एवढं मात्र पक्कं शिकलं. शिक्षेचं पण तसंच आहे बघा. गृहपाठ केला नाही, मैदानाला पाच चक्कर. बोललास, काढ पन्नास उठाबशा. वर्षानुवर्षं आपण व्यायाम शिक्षा म्हणून देतो आणि मग मुलांना त्याचा कंटाळा का येतो याचं नवल करतो.

आणि एकाच खेळाला लहानपणापासून जुंपायची घाई पण नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की पंधरा-सोळापर्यंत एकाच खेळात अडकवू नका आणि आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळाला सुट्टी ठेवा, तेच ते स्नायू आणि सांधे रोज वापरून दुखापती होतात आणि पोरं कंटाळून खेळच सोडतात. आपल्या जिल्ह्यातली किरण नवगिरे घ्या, माळशिरस तालुक्यातली, २०२२ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळली, ती क्रिकेटच्या आधी भालाफेक वगैरे मैदानी खेळांत होती. तिचे ते लांब सिक्स उगीच नाही जात.

आम्ही शेवटी काय केलं, तर क्लास तीनाचे दोन दिवस केले, ट्यूशनवाल्या मॅडमना हातापाया पडून वेळ पाचची करून घेतली, आणि सहा ते सात हा तास कुणी कशानं भरायचा नाही असं ठरवलं. पहिला आठवडा पोरगं खाली जाऊन एकटंच भिंतीवर बॉल मारून परत यायचं, कुणीच नाहीये म्हणायचं. एकट्यानं खेळ होत नाही, ही गोष्ट आपण विसरतो, मैदानापेक्षा सवंगडी जास्त दुर्मिळ झालेत. मग मी समोरच्या, वरच्या आणि कोपऱ्यावरच्या अशा तीन आयांना फोन केले, तुमची पोरं पण सहाला पाठवा, मी गेटवर बसते. आता सात-आठ पोरं जमतात. एक घरी तेलुगू बोलणारा, दोघी कन्नड, बाकी आपले, भांडण मात्र सगळे एकाच भाषेत करतात. सहा वाजले की खालून हाक येते, येतंस का बे? मला सांगावं लागत नाही.

परवा रविवारी लगोरीचा डाव रंगला होता, मी गेटपाशी खुर्ची टाकून परत स्टॉपवॉच लावलं, म्हटलं बघूया यात किती भरतंय. आठ मिनिटं झाली होती सलग, पोरगं थांबायचं नाव घेईना. तेवढ्यात एका टीमला गडी कमी पडला आणि मोठी माझ्याकडे बघून ओरडली, आई, बसून काय मोजतीस, ये की इकडं. मोबाईल खुर्चीवर ठेवला, ओढणी कमरेला बांधली. तीन फरशांची लगोरी लावता लावता पाठीत असा बॉल बसला की अजून दुखतंय. रात्री मोबाईल चार्जिंगला लावताना बघितलं तर स्टॉपवॉच चालूच होतं, तीन तास बेचाळीस मिनिटं.